स्वतःची पिग्मी

पावतीचा कागद पुन्हा अडकला होता. यंत्राच्या दातांतून अर्धाच बाहेर आलेला, आणि अक्षरं इतकी फिकी की भाग्यलक्ष्मीला चष्मा पुसूनही नाव वाचता येईना... हार्डवेअरवाल्याचं असावं, किंवा त्याच्या शेजारच्या शिंप्याचं. दोघेही मेले आज देतो, उद्या देतो करणारे. तिने नखाने ओढला तसा तो फाटला, आणि फाटलेला तुकडा टाकायचं जिवावर येऊन तिने तो पर्समध्ये ठेवला. डिचोलीच्या बाजारात ऊन डोक्यावर आलं होतं. गुडघा सकाळपासून ठणकत होता. अजून मासळीबाजाराची बाजू राहिली होती, तिथे हल्ली तिघं-चौघंच उरले होते. बाकीचे सांगतात, आता फोनमधून आपोआप कापून जातं, बाय, तुम्ही कशाला उन्हातून येता? जणू ती हौस म्हणून येत होती.

आज तिची स्वतःची पिग्मी पुरी होत होती. दुकानादुकानांतून रोजचे थोडे थोडे पैसे गोळा करायचे, संध्याकाळी सोसायटीत भरायचे, त्यावर चिमूटभर कमिशन मिळवायचं — यातच तिचं निम्मं आयुष्य गेलं, आणि लोकांच्या पैशांबरोबर ती आपलेही टाकत आली. मुदत संपली की काढायचे नाहीत, तसेच पुढे ठेवायचे, वर भर घालायची. आता ती रक्कम साईशला हवी होती. औषधांच्या कारखान्यातली कायमची नोकरी सोडून तिच्या मुलाला गाडी घ्यायची होती, पार्सेला मामाकडे राहून मोपाच्या विमानतळावरची भाडी मारायची होती. कर्ज बँक देईल, पण आधी भरायचे ते घरचे लागणार, आणि गाडीवाल्याला होय की नाही ते आजच कळवायचं होतं. तुझे पैसे, तू ठरव, असं सकाळी गोकुळदास म्हणाला आणि त्याने पेपर तोंडासमोर धरला. नवऱ्याचा हा उदारपणा नेमका जबाबदारी टाळायच्या वेळीच उफाळून येतो.

एकदाच तो हट्टाला पेटला होता... खाणी जोरात होत्या, त्यांच्या पाळी गावात ज्याच्या त्याच्या अंगणात ट्रक उभा, आणि हा रोज जेवताना ट्रक, ट्रक. ती नाही म्हणाली. अबोला धरला, माहेरी गेली, परत आली, तरी नाहीच म्हणाली. पुढे खाणी बंद पडल्या, शेजाऱ्यांच्या ट्रकांच्या हौद्यांत गवत उगवलं, आणि शेजारपाजारचा सगळा वाडा म्हणू लागला की शहाणी ती भाग्यलक्ष्मी. त्या एका नकारावर मी किती वर्षं काढली! लग्नकार्यात कुणी भेटलं तरी तेच — तुझ्यासारखं वेळीच सुचायला हवं होतं गो. आणि ती हसून मान खाली घालायची, आतून फुलून यायची, आणि घरी येऊन आणखी काहीतरी नाही म्हणायची. फ्रीज नको. सहल नको. साईशला हॉटेलच्या कोर्सला जायचं होतं तेही नको, कारखान्यात चिकट. तिला स्वतःला बालवाडीचं ट्रेनिंग करायचं होतं, फीसुद्धा वडिलांनी दिली होती... ते पैसे तिने ठेवीत टाकले. पुढच्या वर्षी जाऊ म्हणून.

देवळाजवळ पार्वती फुलं घेऊन बसली होती. पार्वतीचं खातं तिनेच उघडलेलं. पावसाळ्यात फुलं सडायची, पार्वतीकडे द्यायला काही नसायचं, तेव्हा भाग्यलक्ष्मी आपल्या पर्समधून तिचा भरणा करायची — एक दिवस खंड पडला की सवय मोडते, हे तिला ठाऊक होतं. सगळेच पिग्मीवाले हे करतात आणि सगळेच त्यात बुडतात. पावसाळ्यानंतर मागायची लाज वाटते. गेल्या आठवड्यात पार्वतीची मुदत संपली होती. पुन्हा ठेवायचे ना, असं विचारायला ती वाकली, तर पार्वती म्हणाली की सगळे काढले. बहिणीबरोबर विमानाने हैदराबादला चालली होती, लेकीकडे. तिकीटही झालं.

"विमानान?"

"बसून पळोवया म्हटलें गो एकदां," पार्वती अबोलीचा गजरा गुंडाळत म्हणाली. "मागीर परत घालतलेंच मगे, तूं आसाच."

एकदा बसून बघायचं म्हणे, आणि मग परत भरायला तू आहेसच! भाग्यलक्ष्मीला राग आला. चांगलाच आला, कानशिलं तापली. त्या तिकिटात कितीतरी ओले दिवस माझे आहेत, असं तोंडावर आलेलं तिने गिळलं. मूर्ख बाई, उद्या आजारी पडली तर? पण चालताना राग सरळ राहीना, कुठेतरी आत वळत होता... खिडकीजवळ बसलेली पार्वती दिसायची, मांडीवर पिशवी घट्ट धरलेली, आणि तोंड हसून हसून फुललेलं.

सोसायटीत पंखा होता, एवढंच सुख. मॅनेजर रघुनाथने तिच्यासाठी चहा सांगितला, कागद पुढे केला आणि सहज विचारलं, या खेपेला काढणार की परत ठेवणार? काय करायचं ठरवलंय या पैशांचं?

हा प्रश्न तिचा होता. नवं खातं उघडताना ती प्रत्येकाला हेच विचारायची, आणि प्रत्येकाकडे उत्तर असायचं — चवथीला गणपतीवरची फळाफुलांची माटोळी मोठी बांधायची, छपरावर पत्रे घालायचे, मुलीला चुडा. तिने तोंड उघडलं. आजारपणाला, म्हणणार होती. म्हातारपणाला. पण ती उत्तरं नव्हती, ती नुसती भीती होती, आणि ते रघुनाथला नाही तरी तिला ऐकू आलं असतं. मला काय हवं होतं? आठवेना. खरंच आठवेना.

फोन वाजला. साईश.

"आई, कितें थारलें?"

आवाजात विनवणी नव्हती. बहुधा तिने नाही म्हटलं तरी तो कुठूनतरी पैसे उभे करणार होता, आणि जाणार होता.

"घरा येतां. मागीर सांगतां," ती म्हणाली.

गाडी चालली नाही तर काय, हे तिला पाठ होतं. हप्ते थकतील, नोकरी गेलेली असेल, आणि वाडा पुन्हा म्हणेल की भाग्यलक्ष्मीने सांगितलं होतं. ते सोसता येईल. तेवढं ती सोसेल, कदाचित जरा बरंही वाटेल — आणि आपल्याला बरं वाटेल हे लक्षात येताच ती दचकली. पोटच्या पोराबद्दल... पण चालली तर? साईश हसत घरी आला, अंगणात गाडी उभी राहिली, सगळं सुरळीत झालं तर... तर ट्रेनिंग, फ्रीज, सहल, या सगळ्याला मी कशासाठी नाही म्हटलं होतं? मुलाचा हेवा वाटत होता तिला. इतका स्पष्ट, की लाज वाटायलाही जागा उरली नव्हती.

रघुनाथने पुन्हा विचारलं. थांबा जरा, ती म्हणाली, मला विचार करू दे. आजवर या टेबलाशी तिने कधी विचार केला नव्हता, नुसती सही केली होती.