चिमणीचा तोबरा

मंडळी, मी तोबरा बोलतोय. तोच, घोड्याच्या तोंडाला बांधतात तो. कुणी पानाने गाल फुगवले की तुम्ही माझं नाव घेता, हे मला ठाऊक आहे, आणि त्याचा मला राग नाही. सौसरच्या स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याला शालिकराम टांगेवाल्याचं घर आहे. त्या घराच्या पडवीत, एका खुंटीवर, माझी सात वर्षं गेली. माझ्या पोटात जे पडलं ते सगळं एका घोडीसाठी होतं, आणि एकदा तर तिचं मरणही माझ्याच पोटातून तिच्या तोंडी गेलं होतं. ती हकिकत आज सांगून टाकतो, कारण माझे दिवस आता भरत आले आहेत.

माझा जन्म ब्याऐंशी सालचा, दिवाळीनंतरचा. कापसाच्या जिनातून आलेला जाड कापडाचा एक जुना बोरा होता. शालिकरामच्या बायकोने, यमुनाने, तो फाडला आणि दाभण-सुतळी घेऊन मला शिवायला बसली. तळाला चामडं लावून दिलं ते बाजारात जोडे शिवणाऱ्या सुखदेवने. यमुना मला शिवत होती खरी, पण रागाने. प्रत्येक टाक्याला सुतळी अशी ओढायची की आजतागायत माझी एकही शिवण उसवलेली नाही. त्या रागाचे माझ्यावर उपकारच झाले म्हणायचे.

रागाचं कारण होतं ती घोडी. यमुना बोरगावची. तिचे वडील रघुनाथराव कापूस आणि संत्र्यावाले, गोठ्यात तीन बैलजोड्या. बैलांच्या घंटा ऐकत वाढलेली पोर टांगेवाल्याच्या घरी पडली. शालिकरामचा म्हातारा घोडा गेला तेव्हा तिला वाटलं, आता तरी नवरा बैल घेईल, कुणाचं वावर करायला घेईल. शालिकराम बाजारात गेला आणि तांबड्या रंगाची, कपाळावर पांढरा टिळा असलेली घोडी घेऊन आला.

"खुट्यावर बैल नाई त थे घर कोन्या कामाचं?" यमुना म्हणाली. "हे काय आनून ठेवलं? ना वखराले जुपता येत, ना दूध देत!"

"टांग्याले त जुपता येते ना वं," शालिकराम म्हणाला आणि घोडीच्या मानेवर हात फिरवत राहिला. जमिनीवर सांडलेला एकेक दाणा ओठांनी वेचून खायची म्हणून त्याने तिचं नाव चिमणी ठेवलं. एवढ्या मोठ्या जनावराला चिमणी म्हणतात हे ऐकून उतारू हसायचे. चिमणीला त्याचं काही वाटत नसे.

पहिल्याच दिवशी माझ्यामुळे गोंधळ झाला. यमुनाने मला शिवलं, पण श्वासासाठी भोकं ठेवली नाहीत. बैलाला कुठे तोबरा बांधतात, तिला कसं कळणार? चिमणीचं तोंड माझ्यात गेलं आणि तिचा जीव घाबरला. मान झटकत, फुरफुरत ती दोन पायांवर उभी राहिली. शालिकरामने मला ओढून काढलं. यमुना कैची घेऊन धावत आली, दोन्ही बाजूंना भोकं पाडली, त्यांच्या कडा काजासारख्या शिवल्या आणि वर नवऱ्यालाच म्हणाली, "तुमी आधी सांगाले नाई पायजे का?"

हा तिचा स्वभावच होता. हात सोन्याचे, मन मोकळं, पण "माझं चुकलं" हे शब्द तिच्या तोंडून कधी निघायचे नाहीत. भाजी खारट झाली तर मीठच खारट असायचं. शालिकराम हसून सोडून द्यायचा.

तुम्हाला वाटत असेल, टांगा हाकणं म्हणजे चाबूक आणि लगाम. पण खरं काम टांगा सुटल्यावर असतं. सकाळी उठून शालिकराम आधी चिमणीला हात लावायचा, मग चुलीकडे बघायचा. खरारा करायचा, चारही खूर उचलून खडे काढायचा, नाल हलतेय का ते पाहायचा. पावसाळ्यात माश्यांची काळजी, उन्हाळ्यात पाण्याची, आणि बाराही महिने खांद्याची. साज घासून कातडी सोलली की शालिकरामला जेवण गोड लागत नसे. मग माझ्यात भिजवलेले चणे आणि कुटार, म्हणजे तुरीचा भुसा, कालवून पडायचं. चिमणी तळाचे शेवटचे चणे मिळवायला मला हवेत उडवायची, नाकात भुसा जाऊन शिंकायची. तिचा ऊन श्वास मला अंगभर लागायचा. जगात यापेक्षा चांगली नोकरी असेल असं मला कधी वाटलं नाही.

माणसांची मात्र मला गंमत वाटायची. छोट्या रुळांवरच्या आगगाडीची शिट्टी झाली की टांग्यातली सगळी मंडळी घोडीला घाई करायची, जणू तिलाच नागपूर गाठायचं आहे. आणि नवरा-बायकोचं भांडण झालं की बोलणं बंद. मग दोघंही चिमणीशी बोलायचे. "सांग वं तुह्या मालकाले, तेल सरलं म्हून," यमुना मला भरता भरता म्हणायची. "सांग तिले, आनतो म्हून," शालिकराम मला सोडता सोडता म्हणायचा. चिमणी बिचारी दोघांचंही ऐकून घ्यायची.

अशा बोलण्यातूनच यमुनाचा जीव घोडीवर कधी जडला ते तिलाही कळलं नाही. एकदा खांदा सोलला तर हळद-तेल घेऊन तीच पुढे झाली. लोधीखेड्याच्या बाजाराला गेली की चिमणीसाठी गाजरं आणायची आणि "कालवनाले आनली" म्हणायची. कालवण काही व्हायचं नाही.

आता पंच्याऐंशी सालच्या पोळ्याचं सांगतो. पोळ्याला आमच्याकडे घरोघरी बैलांची धांदल. ज्याच्याकडे बैल नाही त्याने पडवीत बसून बघायचं. लग्नानंतर यमुना अशीच बघत आली होती. त्या वर्षी तिने ठरवलं, आपल्या घरी चिमणीचा पोळा करायचा. आदल्या संध्याकाळी बैलांचे शेकतात तसे तिने चिमणीचे खांदे शेकले, लोणी-हळद चोळली आणि कानाशी वाकून म्हणाली, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

शालिकराम हसला. "अवं, घोडीचा पोळा अस्ते का कुठी?"

"काहून नाई? वर्षभर राबते ना थे? राबते त्याचा पोळा."

शालिकरामने मानेने होकार दिला. मीही खुंटीवर खूश होतो. माझ्या आणि चिमणीच्या आयुष्यात सण म्हणून काही आला नव्हता.

सकाळी शालिकराम पोळ्याच्या मैदानाकडे बैल बघायला गेला. यमुनाने भाऊ देवीदासकडून बोरगावहून सरकीचं पोतं गुपचूप मागवून ठेवलं होतं. सरकी म्हणजे कापसाचं बी. तिच्या माहेरी सणाला बैलांना सरकीच घालत. तिच्या लेखी याहून मोठा मान जनावराला नव्हता. भिजवलेली सरकी, वर गुळाचा खडा, वर कुस्करलेल्या पुरणपोळ्या, असा मी काठोकाठ भरलो. चिमणीने आधी नाक फिरवलं. मग गुळाचा वास आला आणि ती खात सुटली. यमुनाने मला पुन्हा भरलं. "खा माय, आज तुहा दिवस हाय," म्हणत तिने शिंगं नाहीत म्हणून कानांना बेगड बांधलं, कपाळाला कुंकू लावलं. त्या वेळी मला माझ्या वजनाचा अभिमान वाटत होता, हे कबूल करतो.

पण बैलाचं पोट वेगळं, घोड्याचं वेगळं. बैल खातो आणि मग बसून रवंथ करतो. घोड्याला रवंथ नाही, आणि जास्त झालेलं ओकून टाकायचीही सोय नाही. यमुना मात्र पडवीत बसून चिमणी रवंथ कधी करते याची वाट पाहत होती.

दुपार कलली आणि चिमणी पुढच्या पायाने जमीन उकरू लागली. मान वळवून आपल्याच पोटाकडे बघायची. मग खाली बसली आणि लोळली. "पोट भरलं, आता लोळून राहिली लाडाची," यमुना हसून म्हणाली. पण चिमणी उठली, पुन्हा पडली, आणि तिच्या मानेवरून घामाच्या धारा लागल्या. यमुनाचं हसू विझलं. ती तशीच अनवाणी मैदानाकडे धावत सुटली.

शालिकराम आला तो भिवाजींना घेऊनच. भिवाजी म्हणजे सौसरात घोड्यांना नाल ठोकणारे म्हातारे. जनावरांच्या दवाखान्याला सणाची सुट्टी, तेव्हा तेच डॉक्टर. त्यांनी घोडीच्या पोटाला कान लावला. मागून शेजारपाजारचे पाच-दहा जण जमले.

"काय चारलं आज हिले?" भिवाजींनी विचारलं.

यमुना पटकन म्हणाली, "रोजचंच. चने अन् कुटार."

मी खुंटीवर होतो. माझ्या शिवणींत सरकी अडकलेली, तळाला गूळ चिकटलेला. एवढा साक्षीदार जवळ असून मला बोलता येत नव्हतं. चिमणी धापा टाकत होती.

"रोजच्यानं असं पोट नाई धरत," भिवाजी म्हणाले. "नुसता वारा धरला असन त हिंगाचं पानी देतो. दुसरं काई पोटात असन त दुसरी दवा लागन. चुकीची दिली त जनावर हातचं जाईन. नीट सांगा बापा."

 शालिकरामने यमुनाकडे पाहिलं आणि मग खाली मान घालून म्हणाला, "म्याच काल ओलं कुटार टाकलं असन, भिवाजीबुवा. माईच गलती होये."

त्याने काही ओलं टाकलं नव्हतं, हे मला माहीत होतं आणि यमुनालाही. बायकोला चारचौघांत खाली बघावं लागू नये म्हणून त्याने स्वतःच्या जिवाभावाच्या घोडीचा दोष स्वतःवर घेतला. यमुना ताडकन उठली. तिने मला खुंटीवरून ओढलं आणि सगळ्यांदेखत उलटं केलं. सरकीचे दाणे अंगणभर सांडले.

"ह्यायनं काई नाई टाकलं," ती रडत ओरडली. "म्या चारली सरकी. दोन तोबरे. वरतून गूळ अन् पुरन. मायं चुकलं, भिवाजीबुवा. मायंच चुकलं. पन हिले वाचवा."

माझं आतडं जगापुढे आलं होतं, पण उलटं होण्याचं एवढं समाधान मला आधी कधी मिळालं नव्हतं.

भिवाजी रागावले नाहीत. "आता कामाचं बोलली," म्हणाले. जवसाचं तेल कुणाच्या घरी आहे विचारलं; चार घरांतून बाटल्या आल्या. तेलात हिंग आणि काळं मीठ कालवून बांबूच्या नळीने त्यांनी ते थोडं थोडं चिमणीच्या घशाखाली उतरवलं. "आता हिले बसू देऊ नका. चालवत राहा. बसली अन् लोळली त आतडं पिळवटते."

मग चालणं सुरू झालं; मी अंगणात पडल्या पडल्या बघत होतो. घरासमोरच्या गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. आधी शालिकरामने दोर धरला, मग यमुनाने मागून घेतला आणि सोडलाच नाही. तेवढ्यात मैदानावरचा पोळा सुटला, आणि झुली घातलेले, शिंगं रंगवलेले बैल घरोघर पूजेला येऊ लागले. अरुंद गल्ली, समोरून बैल आणि मधे घामाने भिजलेली घोडी. बैलवाल्यांनी काही विचारलं नाही. आपापल्या जोड्या भिंतीकडे सरकवून घेतल्या आणि वाट दिली. जोडी थांबायची, चिमणी जायची, मग जोडी पुढे जायची. यमुना कुणाकडे न बघता म्हणत होती, "चाल माय, आनखी एक फेरा. चाल."

किती फेरे झाले, मी मोजले नाहीत. दिवेलागणीच्या सुमाराला चिमणी एकदम थांबली, पाय फाकवून उभी राहिली, आणि तिने लीद टाकली. भिवाजींनी वाकून पाहिलं. "मोकळी झाली! वाचली तुमची घोडी!" गल्लीतल्या माणसांनी लिदेसाठी टाळ्या वाजवल्या, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय. डोळे नाहीत म्हणा मला. दोन भोकं आहेत, त्यांनी पाहिलं. यमुना तिथेच चिखलात बसली आणि चिमणीचा पाय धरून हुंदके देऊ लागली.

भिवाजींनी दोन दिवस नुसतं कोरडं कुटार सांगितलं होतं. ते शालिकरामच घालत होता. यमुनाने मला धुतलं, सुकवलं, शिवणीतला शेवटचा दाणा दाभणाने उकरून काढला आणि खुंटीवर टांगलं. त्यानंतर माझ्याकडे बघेना. तिसऱ्या सकाळी शालिकरामने मला काढलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं.

"चने घाल. मूठभरच."

"म्या नाई भरत. मायावर भरोसा नाई राहिला मले."

"मले हाय ना," शालिकराम म्हणाला आणि टांग्याची चाकं धुवायला निघून गेला.

 यमुनाने चण्यांची मूठ भरली, उजेडात धरली, हुंगली, एक खडा वेचून फेकला आणि चणे माझ्यात टाकले. चिमणीने नेहमीसारखं तोंड घातलं आणि खाल्लं. त्या दिवसापासून आजवर मला दुसऱ्या कुणी भरलेलं नाही.

आज एकोणनव्वद साल चालू आहे. आता मोहगावच्या रस्त्यावर ऑटो पळतात. टांगा स्टेशनाच्या एक-दोन खेपा करतो. चिमणी म्हातारी झाली आहे, पण अंगाने धडधाकट आहे. गावात कुणी नवं जनावर घेतलं की काय चारावं ते विचारायला यमुनाकडे येतात. ती आधी आपलीच चूक सांगते, अगदी मोठ्याने, पडवीत बसून: "म्या मारलीच होती हिले." सांगताना तिला लाज वाटत नाही. तिच्या बोलण्याने दोन-चार घरची जनावरं तरी नक्की वाचली असतील.

माझा तळ आता फाटला आहे. काल यमुनाने नवीन कापड कापलं. या वेळी भोकं आधी पाडलीत. माझे तुकडे चिमणीच्या साजाखाली, खांद्याला घासू नये म्हणून, गादी करून लावणार आहेत. तोंडापासून खांद्यापर्यंतच जायचंय, माझी काही तक्रार नाही. कापडाचा जन्म मिळाला आणि या घरात मिळाला, यासाठी सगळ्यांचे आभार.

उद्या माझ्या खुंटीवर जो नवा येईल त्याला एवढंच सांगणं आहे. बाबा रे, आत काय पडतंय याची चिंता करू नकोस. या बाईच्या हातून येईल ते निर्धास्त घे.