सेबीच्या घड्याळात सुधाकर

मानवी हृदयाचा थांग आजवर कोणालाच लागला नव्हता. साधुसंत थकले, तत्त्वज्ञ थकले, कवींनी तर हात टेकण्याऐवजी कविता केल्या. अखेर हे काम विज्ञानाने केलं, आणि तेही छातीला हात न लावता, नुसतं मनगट धरून. वसईजवळच्या पापडीच्या सेबेस्टियनच्या घरी हे विज्ञान कॅनडाहून कुरियरने आलं. पहिल्याच रविवारी, चर्चमध्ये मिस्सा चालू असताना, फादरांच्या प्रवचनाच्या ऐन मध्यावर ते त्याच्या मनगटावर थरथरलं आणि म्हणालं, बराच वेळ बसलात, आता उभे राहा.

सेबेस्टियन आज्ञाधारक माणूस. तो उभा राहिला. मिस्सेत पुढचा उठला की मागच्याने उठायचं, कारण विचारायचं नाही, ही तिथली जुनी शिस्त. मागच्या तीन रांगा उठल्या. फादरांना वाटलं आपलं लांबलं. त्यांनी प्रवचन आवरतं घेतलं. त्या दिवसापासून गावात घड्याळाबद्दल फार आदर निर्माण झाला.

घड्याळ पाठवलं होतं ग्लेनने, सेबेस्टियनच्या एकुलत्या एक मुलाने. आई, म्हणजे कॅथरीन, गेल्यावर बाप एकटा पडला म्हणून. घड्याळ उत्तमातलं होतं. ठोके मोजायचं, पावलं मोजायचं, झोप मोजायचं आणि सगळं तिकडे ग्लेनच्या फोनवर पोचवायचं. त्याआधी ग्लेन दर रविवारी फोन करी. जेवण जातंय का, झोप लागते का, फिरायला जाता का, असं विचारी आणि मग हळूच मम्मीचा विषय निघे. आता पहिल्या प्रश्नांची उत्तरं घड्याळच देऊ लागलं, त्यामुळे चौथ्या विषयापर्यंत गाडी पोचेना. फोनचा झाला मेसेज. मेसेजचा झाला अंगठा. रविवारी संध्याकाळी कॅनडाहून एक पिवळा अंगठा येई, की झाला संवाद.

सेबेस्टियनने दोनदा स्वतःहून फोन करून पाहिला. दोन्ही वेळा ग्लेन घाबरून म्हणाला, "काय झालं?" काही नाही म्हटल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. "मीटिंगमध्ये आहे डॅड, मी करतो नंतर." नंतर अंगठा आला.

घरात कॅथरीनचं नाव घेणारं आता कोणी नव्हतं. ते नाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं, एवढीच त्याची इच्छा होती. पण ही सोय घड्याळात नव्हती.

सेबेस्टियन आणि सुधाकर रोज सकाळी पापडीच्या तळ्याभोवती चालायचे. सुधाकर मूळचा कणकवलीकडचा, पण तीस वर्षं सेबेस्टियनच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये राहून त्याला आता कणकवली परकी झाली होती. त्याच्या हातातही यंत्र होतं. मुलगा जितेश नाशिकला असतो, त्याने ऑनलाइन सेलमध्ये घेतलेला रबरी बँड. तो स्कूटरवर बसून पावलं मोजायचा. आरतीला टाळ्या वाजवल्या की सुधाकर वज्रेश्वरीला चालत गेला असं समजायचा.

एकदा तळ्याकाठी निर्मळची केळीवाली बसली होती. सुधाकरने गंमत म्हणून बँड काढला आणि एका केळ्याला बांधला. केळ्याचे ठोके अठ्ठ्याहत्तर आले.

"बघा मावशी, तुमचं केळं जिवंत आहे."

"ताजं हाय म्हनून कवाधरनं सांगतंय," केळीवाली म्हणाली. "घ्या डझनभर, पानी मारलेलं नाय."

असा हा बँड. तोही आपले आकडे जितेशच्या फोनवर पोचवायचा, पण त्याच्यावर काडीचा भरवसा नसल्यामुळे जितेशला रोज फोन करावा लागे.

"बाबा, एकशे साठ ठोके दाखवतंय! काय करताय?"

"नारळ खवतोय."

"आई कुठंय?"

"आई मी नारळ कसा खवतोय ते बघतेय. तिचे किती दाखवतंय?"

मग नारळ कशाला, सोलकढीला, मग आमसुलं कोणाकडची, असं करत अर्धा तास जाई. सेबेस्टियन शेजारी बाकावर बसून ऐकायचा. एके दिवशी तो म्हणाला, "सुधा, माझं घड्याळ इतकं खरं बोलतं की माझ्याशी कोणी बोलत नाही."

"मग थोडं खोटं बोलायला लाव त्याला."

"महागाचं आहे रे. खोटं बोलत नाही."

सुधाकर विचारात पडला. विचारात पडला की तो कान खाजवी. "असं करू. तुझं घड्याळ मी घालतो, माझा बँड तू घाल. माझी चाल म्हशीची, तुझी सायकलवाल्याची. घड्याळाला काहीतरी वेगळं दिसणार. बाप बदलला म्हटल्यावर पोरगा फोन करणार की नाही?"

आणि दोन निवृत्त माणसांनी, एकाही शहाण्याला न विचारता, तळ्याकाठच्या बाकावर हृदयांची अदलाबदल केली. रोज सकाळी भेट झाली की दोन्ही यंत्रं आपापल्या मालकाच्या फोनला भेटून घेत, लेकी माहेरी आल्यासारखी. आणि सगळं सांगून टाकत.

पहिल्या आठवड्यात ग्लेनचा अंगठा आला नाही. त्याऐवजी मेसेज आला: 'वॉव डॅड! झोप एकदम सुधारली. प्राउड ऑफ यू.'

सेबेस्टियनने तो सुधाकरला दाखवला.

"माझ्या झोपेचा अभिमान आजवर कोणाला वाटला नव्हता," सुधाकर म्हणाला. "शेजारी झोपणाऱ्या आमच्या लतिकाला तर लाज वाटते. तुझा मुलगा गुणी आहे हो."

सेबेस्टियन हसला, पण उशिरा. बाप बदलला होता आणि मुलाला तो जास्त आवडला होता.

इकडे दुसरीच भानगड झाली. सेबेस्टियन रात्री जागाच असे, पण कूस न बदलता छताकडे बघत पडून राही. महागड्या घड्याळाला ती गाढ झोप वाटायची. रबरी बँडची अक्कल कमी. तो त्याला जागरण समजायचा; चुकला, पण नेमका खऱ्याच्या बाजूने चुकला.

"काय रे," सुधाकर सकाळी बाकावर बसता बसता म्हणाला, "रात्रभर जागा होतास? जितेश मला ओरडला. बाबा, तुम्ही झोपत नाही, मनात काही आहे का, म्हणाला."

"तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, आहे थोडं." सुधाकरने तळ्याकडे पाहिलं. "तो म्हणाला, बोला कोणाशी तरी. तर बोल."

त्या दिवशी त्या दोघांनी तळ्याला एक फेरी जास्त मारली.

नंतरच्या रविवारी संध्याकाळी फोन वाजला. अंगठा नव्हता, मेसेज नव्हता, ग्लेनचा खराखुरा आवाज होता.

"डॅड, तुम्ही ठीक आहात ना? घड्याळ सांगतंय, हार्ट रिदम इरेग्युलर आहे. दोनदा अलर्ट आला. छातीत धडधडतं का?"

सेबेस्टियनला सगळं एका क्षणात कळलं. ते हृदय सुधाकरचं होतं. 'ग्लेन, ते घड्याळ माझ्या हातात नाहीये,' एवढं एक वाक्य बोलायचं होतं. ते जिभेवर आलंही होतं. पण ते बोललं की फोन संपणार, हेही त्याला कळलं.

"थोडंसं धडधडतं," तो म्हणाला.

ग्लेन पाऊण तास बोलला. सोमवारी पुन्हा बोलला. मंगळवारी म्हणाला, "मम्मी असती तर तिने तुम्हाला कानाला धरून डॉक्टरकडे नेलं असतं. तिच्या मोगऱ्याला पाणी घालता ना?" सेबेस्टियनने फोन ठेवला आणि उन्हाची वेळ असूनही जाऊन मोगऱ्याला पाणी घातलं.

सुधाकरला मात्र त्याने सोमवारीच सांगितलं होतं. एवढा तो वाईट नव्हता.

"काहीतरी लाल आलं होतं खरं," सुधाकर म्हणाला. "चष्मा नव्हता. मी पुसून टाकलं."

"सुधा, चेष्टा नाही. डॉक्टरला दाखव."

"मला काही होत नाही. जिना चढताना दम लागतो, तो लतिकाला बघूनही लागतो. आणि हे बघ." त्याने सेबेस्टियनचं मनगट धरून बँड वाचला. "बहात्तर! एकदम ओके."

"अरे, तो माझ्या हातात आहे!"

"हात तुझा असेल. बँड माझा आहे."

माणसं पक्ष बदलतात, डॉक्टर बदलतात, पण आपण वापरतो ती स्वस्त वस्तू वाईट आहे हे मरेपर्यंत कबूल करत नाहीत. सुधाकरचं म्हणणं सरळ होतं. महागाचं घड्याळ आजारही महागाचे सांगणार. त्याला आपला मान राखायचा असतो.

ग्लेनने कॅनडात बसून वसईतल्या हृदयतज्ज्ञाची वेळ घेतली. सेबेस्टियनने सुधाकरला बरोबर ओढून नेलं. त्याच्या डोक्यात होतं, की आत सुधाकरलाच पाठवायचं. पण खिडकीतल्या मुलीने आधार कार्ड मागितलं. फोटोतल्या सेबेस्टियनला टक्कल होतं आणि सुधाकरला केसांचा फार अभिमान.

"तूच जा," सुधाकर म्हणाला. "मुलाने तुझ्यासाठी ठरवलंय. माझा पुढच्या शनिवारी येतोय, तेव्हा त्याच्याबरोबर मी येतो. आता इथे नाव घातलं की लतिकाला कळणार, मग ती मीठ बंद करणार."

"सुधा, मी ग्लेनला सांगून टाकतो."

"मग तुझे फोन बंद." सुधाकर कान खाजवत बाहेरच्या बाकावर बसला. "शनिवारपर्यंत बोलून घे. माझं हृदय कुठे पळून जातंय?"

सेबेस्टियनने हे ऐकलं. आपण ऐकायला नको होतं, हेही त्याला त्याच वेळी कळत होतं. तो आत गेला. त्याच्या छातीला तारा लावल्या, त्याला सरकत्या पट्ट्यावर पळवलं, आणि डॉक्टर म्हणाले, "अंकल, घोड्यासारखं हृदय आहे. मशिनवर विश्वास ठेवू नका."

त्याने रिपोर्ट ग्लेनला पाठवला. ग्लेनचा फोन आला, शेवटचा. आवाजात आनंद होता. "थँक गॉड! म्हणजे फॉल्स अलार्म. मी ते अलर्ट बंद करून टाकलेत, उगाच टेन्शन. टेक केअर डॅड."

"मम्मीचा मोगरा..." सेबेस्टियन म्हणाला.

"हो हो, बोलू रविवारी."

रविवारी अंगठा आला.

गुरुवारी सकाळी सुधाकर तळ्यावर आला नाही. सेबेस्टियन बाकावर बसून होता, तेवढ्यात लतिकाचा फोन आला. "सेबीभावजी, हे बोलत नाहीत हो. डोळे उघडे आहेत, माझ्याकडे बघतात, पण बोलत नाहीत."

हृदयाचा ठोका चुकत राहिला की रक्ताची गुठळी होते, ती मेंदूत जाऊन अडकते, असं हॉस्पिटलमधल्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. आधी कळलं असतं तर साध्या गोळीवर भागलं असतं, असंही म्हणाल्या. वाईट हेतूने नव्हे, माहिती म्हणून. उजवं अंग गेलं होतं. वाचा गेली होती. परत येईल का, ते सांगता येणार नव्हतं.

जितेश दुपारी नाशिकहून पोचला. वडिलांना काचेतून पाहून आला आणि सेबेस्टियनच्या शेजारी बसला. तो खाली बघत होता. मग त्याची नजर सेबेस्टियनच्या मनगटावर थांबली.

"काका, बाबांचा बँड तुमच्या हातात कसा?"

सेबेस्टियनने सांगितलं. काही राखलं नाही. लाल अलर्ट, पाऊण तासाचा फोन, आधार कार्ड, शनिवार, सगळं.

जितेश चिडला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "म्हणजे इतके दिवस मी झोपा झोपा म्हणून ओरडत होतो, ते तुम्हाला." मग थोड्या वेळाने, "आणि बाबांना मी काहीच विचारलं नाही."

सेबेस्टियनने बँड काढून त्याच्या हातात दिला. मनगटावर रबराचा ओला वळ उरला होता.

लतिका बाहेर आली. तिच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी होती. नर्सने काढून दिलेली अंगठी तिने स्वतःकडे ठेवली आणि घड्याळ पुढे केलं. "हे तुमचं ना, भावजी?" तिला अजून काही ठाऊक नव्हतं. ते जितेश सांगणार होता, का सेबेस्टियनने सांगायचं होतं, हे दोघांनीही ठरवलं नव्हतं.

घड्याळ घेऊन तो जिन्याजवळ गेला आणि त्याने कॅनडाला फोन लावला. तिकडे पहाट होती.

"डॅड? काय झालं?"

यावेळी 'काही नाही' म्हणायचं नव्हतं. सेबेस्टियन बोलत सुटला. सुधाकरकाका, तुझ्या लहानपणी तुला खांद्यावर बसवून किल्ल्यात न्यायचा तो. त्याची वाचा गेली. ते बिघडलेलं हृदय माझं नव्हतं, त्याचं होतं. मला माहीत होतं. तू मम्मीचं नाव घेत होतास म्हणून मी गप्प बसलो. प्राउड ऑफ यू म्हणालास ना, तोही मी नव्हतो. मी झोपत नाही, ग्लेन. तुझी मम्मी गेल्यापासून मी झोपलेलो नाही.

तो थांबला. आयुष्यात एका दमात इतकं तो कधी बोलला नव्हता. कॅनडा लांब आहे, शब्द पोचायला वेळ लागत असेल, असं समजून तो फोन कानाशी घट्ट धरून उभा राहिला.

"ओके," ग्लेन म्हणाला. त्याचा आवाज झोपेतला होता, किंवा रडका. फोनवर सांगता येत नाही. "ओके डॅड. आता ते घड्याळ कुठंय?"

"माझ्या हातात आहे."

"मग एक करा ना. ते जरा चार्जिंगला लावा. इथे काहीच दिसत नाहीये."