गप्प इंजिन

साखरेने पायांच्या नसा गेल्या, आता ती हातांच्या बोटांच्या मागे लागली आहे, असं डॉक्टरने बाबांना तोंडावर सांगितलं. बाबांनी ते ऐकून घेतलं आणि घरी येताना गाडी फाटकाच्या खांबाला घासली. पाय ब्रेकवर आहे असं त्यांना वाटलं होतं. तो होता शेजारच्या पेडलवर. मुलीने विचारलं तेव्हा म्हणाले, खांबच जरा पुढे आलाय.

गाडी साधीसुधी नव्हती. दोन माणसांची, बुटकी, उघड्या टपाची हिरवी स्पोर्ट्स कार. बस डेपोत इंजिन फिटर असताना बाबांनी ती भंगारातून उचलली आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एकेक भाग जोडत उभी केली. दूरच्या शहरात राहणाऱ्या दादाने फोनवरून बहिणीला निकाल दिला, की किल्ली काढून घे. बाबांनी फोन तिच्या हातून घेतला. पायांचं सोड, बोटं शाबूत आहेत, म्हणाले. रविवारी इंजिनाचे टॅपेट लावतो, तुझी बहीण साक्षीला उभी राहील. नीट लागले तर किल्ली माझ्याकडे. बोटांच्या बाबतीत डॉक्टर खोटा पडला की पायांच्या बाबतीतही पडेल, असा त्यांचा हिशेब होता. दादा हो म्हणाला. बहिणीला खोटं बोलता येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तिला मात्र ते आता शिकावंसं वाटत होतं. आई गेल्यापासून बाबा रोज सकाळी दाढी करायचे ती शेडचं दार उघडायचं म्हणून. दुसरं कारण उरलं नव्हतं.

टॅपेट थंड इंजिनावर लावतात, म्हणून रविवारी सकाळी आधी तेच काम काढलं. बाबांनी प्लग काढले, इंजिनावरचं झाकण उचललं. खाली तेलाने काळे झालेले आठ रॉकर ओळीत बसलेले. एकेक रॉकर एकेक वॉल्व्ह दाबून उघडतो. वॉल्व्ह मिटलेला असताना दोघांमध्ये केसाएवढी फट ठेवायची असते, यालाच टॅपेट लावणं म्हणतात. ती मोजायला पोलादाची पातळ पट्टी. पट्टी फटीत सरकवायची आणि ओढताना किंचित धरल्यासारखी लागेपर्यंत स्क्रू फिरवायचा. ते किंचित डोळ्यांना दिसत नाही, बोटांनाच कळतं.

इंजिन फिरवायची या घराची रीत ठरलेली होती. गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकायची आणि मागून कुणीतरी इंच इंच ढकलायची. चाकं फिरली की इंजिन फिरतं. हे काम आईचं. ती गाडीला पाठ लावून रेटायची आणि बाबा पुढून "बस" म्हणायचे. यांचा संसारच असा चाललाय, असं शेजारी हसून म्हणायचे. आज मुलीने पाठ लावली.

"बस," बाबा म्हणाले. "इन्स्पेक्टरसाहेब, पुढे या. कोणता उघडलाय?"

"सहावा."

"मग लावायचा?"

"तिसरा."

दोघांची बेरीज नऊ यायला हवी. उघडलेला आठवा असेल तर लावायचा पहिला, उघडलेला पाचवा तर लावायचा चौथा. शाळेत जायच्या आधी नऊची बेरीज ती इथेच शिकली होती.

बाबांनी नेहमीसारखे डोळे मिटले आणि पट्टी सरकवली. पूर्वी ते स्क्रूला दोन-तीनदा हात लावायचे आणि नट आवळून मोकळे व्हायचे. आता ते स्क्रू फिरवतच राहिले. पट्टी ओढत, पुन्हा फिरवत, पुन्हा ओढत. शेवटी ती हिसका देऊन बाहेर आली. मागे जाऊन मुलीने पुन्हा पाठ लावली. पुढचा तरी बरा लागेल, असं तिला प्रत्येक वेळी वाटत होतं.

पाचव्याच्या वेळी तेलात लाल दिसलं. पट्टीच्या कडेने बाबांची तर्जनी चांगलीच कापली होती, रक्त मनगटापर्यंत ओघळत होतं. बाबांचे डोळे मिटलेले होते आणि चेहऱ्यावर समाधान होतं.

"हां," ते म्हणाले. "आता लागली बघ."

तिने फडकं घेतलं. "तेल लागलंय, पुसते," म्हणाली, आणि फडकं बोटाला गुंडाळून गाठ मारली. बाबांनी हात पुढे केला, खाली पाहिलंही नाही. गाठ कशाला, हेही विचारलं नाही.

आठही झाले. झाकण बसलं, प्लग बसले. बाबा आत बसले आणि त्यांनी किल्ली फिरवली.

हे इंजिन कायम शिवणयंत्रासारखं टिकटिकायचं. आज ते मऊ घुमलं, नुसतं. बाबांनी हसून तिच्याकडे असं पाहिलं, की तिने नजर बॉनेटवर वळवली. त्यांनीच तिला शिकवलं होतं, वाजणारा टॅपेट डोकं खातो पण इंजिन राखतो. भीती गप्प झालेल्याची. फट राहिली नाही की वॉल्व्ह पुरता मिटत नाही, आणि बाहेर काही कळू न देता आतल्या आत जळत जातो.

उद्या दुपारी बाबा झोपले की आठही स्क्रू सैल करून पुन्हा लावता येतील, हे तिच्या मनात आलं. काम तिला येत होतं. दादाला नीट लागले म्हणायचं, तेही जमलं असतं. एक थाप तर मघाशी मारून झालीच होती. मग तिची नजर फाटकाकडे गेली. खांबावरचा हिरवा ओरखडा गुडघ्याच्या वर होता. त्याच खांबाला टेकून शेजारच्या आजी संध्याकाळी खुर्ची टाकून बसायच्या. खुर्चीचा हात त्याच उंचीचा होता.

"बाबा," ती म्हणाली, "टिकटिक ऐकू येते का तुम्हाला?"

कान शाबूत होते त्यांचे. त्यांनी मान जराशी कलती केली. हसू चेहऱ्यावर होतं तसंच राहिलं, फक्त त्यात कुणी नव्हतं.

"एकाचीही नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी इंजिन बंद केलं.

मग हाताकडे त्यांचं लक्ष गेलं. फडकं भिजून काळपट झालं होतं. हे केव्हा झालं, त्यांनी विचारलं. पाचव्याला, ती म्हणाली.

"तू तेल म्हणालीस."

"हो."

"तुझा दादा म्हणतो, तुला खोटं बोलता येत नाही."

पत्र्यावर एक पक्षी चालत होता, त्याची नखं वाजत होती. बाबा दाराला धरून उतरले, जमीन कुठे आहे ते बघत त्यांनी एकेक पाय टेकवला.

"उद्या सकाळी थंड झालं की तू लाव," ते म्हणाले. "मी ढकलीन. पाठीला काही झालेलं नाही माझ्या."

घरात फोन वाजू लागला. दुपारी करतो, असं दादा म्हणाला होता. बाबांनी किल्ली काढली. ती मुठीत आली आहे ना, हे मूठ उघडून पाहिलं, आणि मग तिच्या हातावर ठेवली.