गाठीवरचा हत्ती

चिंतामणने कागदाची गुंडाळी सोडली आणि हत्ती खुशालरावांच्या पुढ्यात अंथरून दोन्ही कोपरे हातांनी दाबून धरले.

आठ दिवस खपला होता तो या हत्तीवर. खुशालराव अमरावतीतले कापसाचे बडे व्यापारी. मुंबईला जाणाऱ्या गाठींवर त्यांना आपला मार्का हवा होता, आणि पुढेही असे मार्के काढून देणारा पगारी माणूस. महिना चाळीस रुपये. सरकारी शाळेत चित्रकलेचा मास्तर म्हणून त्याला पंधरा मिळत. चित्रकला परीक्षेचा विषय नाही, तेव्हा बढतीची वाट पाहू नका, असं हेडमास्तरांनी तोंडावर सांगितलं होतं. पंधरात बिऱ्हाड होत नव्हतं. लग्नाला तीन वर्षं झाली तरी चारुशीला पुण्यात, माहेरीच. संध्याकाळी खोलीवर परतलं की बोलायला भिंत तेवढी. त्याला या एकटेपणाचा अगदी वीट आला होता.

“जित्ता हाये हो मास्तर,” खुशालराव म्हणाले. “पर साच्यासाठी हा पत्र्यात कसा कापावा? हमाल गाठीवर साचा ठेवते, वरून रंगाचा कुंचा फिरवते अन् दुसऱ्या गाठीकडे जाते. एवढ्या सावल्या त्यानं कवा भराव्या?”

त्यांनी वखारीच्या भिंतीकडे बोट केलं. तिथे चुन्याच्या सात-आठ रेघांत एक हत्ती उभा होता. कापूस निवडणाऱ्या पार्बताबाईने भाकर खाऊन झाल्यावर काढलेला.

“हाच घेतला. लय वर्सं पुरते हा. मंग पगारी माणूस कायले ठेवू?”

चिंतामणने भिंतीजवळ जाऊन पाहिलं. लेकाचा चांगलाच होता तो चुन्याचा हत्ती. आता चारुशीलेला काय लिहायचं, कोण जाणे.

तो बाहेर पडला, तर पार्बताबाई दाराशीच बसली होती.

“मास्तर, मले त्या हत्तीचा रुपया भेटला. तुमाले पगार कायचा भेटते?”

“शिकवण्याचा.”

“कोणाले?”

पोरं सगळी कापसाच्या कामाला लागलेली. महिनाभर वर्गात कुणी फिरकलं नव्हतं. तिने कुचकेपणाने विचारलं नव्हतं, म्हणून ते जास्तच लागलं.

“सध्या कुणालाच नाही.”

तिने हात पुढे केला, तसा त्याने कागद दिला. ती बराच वेळ बघत बसली.

“याचं पोट गोल कसं दिसून राहिलं? कागद तं चपटा हाये.”

चिंतामण तिच्यासमोर उकिडवा बसला. उजेड कुठून येतो ते आधी बघायचं, असं तो सांगू लागला. पण महिनाभराने कुणी शिकायला समोर बसलं होतं; घाईत त्याचं सांगणं विस्कटलं, आणि त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागलं.