येळवशीचं पाणी

लातूर नवा जिल्हा झाला त्याच साली पावसानं दडी मारली आणि गावचे जमीनदार वसंतराव यांनी आपली विहीर बौद्ध वस्तीला बंद केली. वस्तीतल्या व्यंकटीनं त्यावर 'येळवस' नावाची कविता लिहिली, तर त्यांनी भर चावडीत त्याला नाक घासायला लावलं.

आता आली खरी येळवस! या अमावास्येला शेतात आलेल्या माणसाला कुणी रिकाम्या हातानं लावून देत नाही. वसंतराव कडब्याच्या खोपीत नव्या जिल्ह्याच्या साहेबांना आंबील वाढत होते, तेवढ्यात व्यंकटी अख्खी वस्ती घागरींसकट घेऊन बांधावर उभा राहिला.

"जेवण नगं, मालक. पाणी वाढा."

साहेब बघत होते. वसंतरावांनी गड्याला पाणी शेंदायची खूण केली.

"न्हाई, न्हाई! येळवशीला मालकानं सोताच्या हातानं वाढायचं असतंय."

वसंतराव दोर ओढत राहिले. व्यंकटी विहिरीच्या काठावर बसून दर घागरीला त्या कवितेची एकेक ओळ मोठ्यानं म्हणत होता. चाळिसाव्या घागरीला मालकांचे तळहात सोलून निघाले.

"झालं का समाधान?" ते दातओठ खात पुटपुटले.

"कुठलं! त्या कवितेत तुमचं नाव घातलं नव्हतं, मालक. आता तुमच्या ह्या हातांवर दुसरी कविता लिवतो. नाव घालून."