महापौरांची निष्पक्ष सोडत

थॉर्नबेक गावात मी उभी हयात दवंडी पिटली. गावाने मला आवाजाचे पैसे दिले. मताचे कधी दिले नाहीत, आणि मला मत आहे असे कळले असते तर उलट दंड घेतला असता. त्यामुळे आमचे महापौर अँब्रोज टॉलिव्हर हे माणूस म्हणून कसे होते, याबद्दल मी काही बोलणार नाही. ते काय करत असत एवढेच सांगतो. आवाज माझा, बाकी सगळे त्यांचे.

नदीकाठी गावाचे एक कुरण होते. कुणाचेच नाही म्हणून सगळ्यांचे. टॉलिव्हरसाहेबांना ही अव्यवस्था बघवेना. त्यांनी कुरणाला कुंपण घातले, फाटक बसवले, फाटकाला कुलूप लावले आणि आत स्वतःच्या मेंढ्या सोडल्या. मग गावसभेत ठराव केला की कुरणाबद्दल जो बोलेल त्याला चौकातल्या खोड्यात दिवसभर पाय अडकवून बसवावे. ठरावाची दवंडी मीच पिटली. आवाज चांगला लागला होता त्या दिवशी.

गाव गप्प बसले. आमचे गाव गप्प बसण्यात तरबेज आहे. पाठीमागे बोलण्यात तर त्याहून.

सगळ्यात जास्त अडचण झाली ती हंस पाळणाऱ्या थॉमसिन पाइकची. मायकेलमसच्या सणाला आमच्याकडे घरोघरी हंस भाजतात, आणि त्याच दिवशी वर्षाचे भाडेही भरतात. थॉमसिनचे भाडे म्हणजे तिचे हंस. कुरणातले गवत बंद झाले आणि दुसऱ्या वर्षी हंस असे वाळले की भाजायला ठेवले तर आधी त्यांना शाल द्यावी लागली असती. भाडे चुकले तर झोपडी जाणार हे तिला ठाऊक होते, मला ठाऊक होते, आणि झोपडीची जागा कुरणाला लागून असल्यामुळे टॉलिव्हरसाहेबांना तर फारच ठाऊक होते.

अशात सप्टेंबरात गावात सोडत आली.

कुठल्याशा बंदराची भिंत बांधायला पैसे हवे होते. राजेसाहेबांचे फर्मान, दोन मोठी पिंपे आणि चांदीच्या भांड्यांनी भरलेली गाडी घेऊन जेरोम कॅटलिन नावाचे एक कृश गृहस्थ चौकात उतरले. पद्धत सोपी. शिलिंग द्यायचे, चिठ्ठीवर नावाऐवजी दोन ओळींचे कवन लिहायचे आणि चिठ्ठीचा नंबर जवळ ठेवायचा. पैसे बुडाले तर अब्रूदाराचे नाव चव्हाट्यावर येऊ नये, म्हणून ही सोय. कवनांच्या चिठ्ठ्या एका पिंपात. दुसऱ्या पिंपात आधीच मोजून टाकलेल्या चिठ्ठ्या. काहींवर बक्षीस, बाकी कोऱ्या. एका वेळी दोन्हीकडून एकेक काढायची. दुसऱ्या पिंपातल्या चिठ्ठ्या संपेपर्यंत विक्री चालू.

कॅटलिन प्रामाणिक होते. हे मी कौतुकाने सांगत नाही. त्यांच्याशी पाच मिनिटे बोलले की माणसाला दुखणे आल्यासारखे वाटे. पण टॉलिव्हरसाहेब जगाला स्वतःवरून ओळखत, त्यामुळे त्यांचा कॅटलिनवर काडीचा विश्वास नव्हता.

"गावाला फसवून जाल! माझ्या गावात सोडत होईल ती माझ्या नियमांनी," साहेब म्हणाले.

"आनंदाने," कॅटलिन म्हणाले.

साहेबांनी नियम केले. चिठ्ठ्या काढायच्या त्या धर्मशाळेतल्या दोन म्हाताऱ्या बायांनी. डोळ्यांवर पट्टी, बाह्या मनगटाशी शिवलेल्या. प्रत्येक कवन दवंडीवाल्याने मोठ्याने, अक्षर न गाळता वाचायचे. एकही गाळले तर सगळी सोडत रद्द, पैसे परत, बक्षिसे परत. बक्षीस ज्याचे असेल त्याने संध्याकाळच्या घंटेआत टेबलापाशी येऊन आपले कवन आपले म्हणून सांगायचे. कोणी आले नाही तर बक्षीस नगरभवनात जमा. नगरभवन म्हणजे कोण, हे सांगायला नको. खाली साहेबांनी शिक्का मारला. कॅटलिननी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "इतके कडक नियम मला कुठल्याच गावाने दिले नाहीत."

"ते गावंढळ असतील," साहेब म्हणाले.

पहिल्या दिवशी मांडवात साहेब मधल्या खुर्चीत बसले, गळ्यात पदाची सोन्याची साखळी. शेजारी त्यांच्या पत्नी, अर्सुलाबाई, लोकरीचा मोजा विणत. मी तिसरे की चौथे कवन वाचले:

न्यायाने मी राखतो गाव,
देवा, चांदीवर लिही माझे नाव.

कवीने स्वतःला इतके लपवले होते की चौकातल्या कुत्र्यांनीही साहेबांकडे पाहिले. दुसऱ्या म्हातारीने चिठ्ठी दिली. मी उघडली. सोडतीतले सर्वांत मोठे बक्षीस: चांदीची सुरई, हातभर उंच.

आता, हे बक्षीस शंभर टक्के खरे होते. कॅटलिन मेले तरी लबाडी करणारे नव्हते, आणि म्हाताऱ्यांना तर आपण काय करतोय हेच कळत नव्हते. साहेबांना आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी सरळ मार्गाने मिळाले, आणि गावात एकाही माणसाला ते खरे वाटले नाही.

"बाह्या शिवल्यात म्हणे!" लोहार पुटपुटला. "टाके कोणी घातले ते विचारा."

त्या संध्याकाळी गुत्त्यावर सगळे तावातावाने बोलले, अर्थात हळू. थॉमसिन कोपऱ्यात बसली होती. तिने मला विचारले, "दवंडीवालेदादा, चिठ्ठीवर काय लिहिलंय ते तुम्हाला वाचावंच लागतं का हो?"

"अक्षर न गाळता."

"आणि लिहिणाऱ्याचं नाव?"

"बक्षीस लागलं तरच."

"म्हणजे कोरी निघाली तर कोणी पुढे यायचं कामच नाही." तिने पेला खाली ठेवला. "तसं मला आजवर काही लागलेलं नाहीये."

आमच्या गावाला विचार करायला वेळ लागतो, पण तो आला की सगळ्यांना एकदमच येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅटलिनच्या टेबलापुढे रांग चर्चच्या मागच्या भिंतीपर्यंत गेली होती. बंदराच्या भिंतीबद्दल लोकांना एवढे प्रेम असेल असे वाटले नव्हते, म्हणून कॅटलिन भारावून गेले.

मी पहिली चिठ्ठी उघडली, घसा साफ केला आणि वाचली:

पोट मोठे, टोपी त्याहून मोठी,
मधे डोके असल्याची अफवा खोटी.

"कोरी!" मी ओरडलो.

पुढची:

गळ्यात साखळी मिरवतो कोण?
आमच्या कुत्र्याला आहेत दोन.

"कोरी!"

चौकात कोणी हसले नाही. सगळे बंदराच्या भवितव्याचा विचार करत असल्यासारखे गंभीर उभे होते. फक्त खांदे हलत होते. साहेब उठले. त्यांचा रंग उकडलेल्या बिटासारखा झाला होता.

"पुरे! ए दवंड्या, पुढची घाण वाचायची नाही!"

मी कॅटलिनकडे पाहिले. कॅटलिननी कागद काढला.

"नियम आपलाच आहे, साहेब. एक गाळलं की सोडत रद्द. मी लगेच सामान बांधतो. ती सुरई तेवढी इकडे द्या."

साहेबांनी सुरई छातीशी ओढली. एका हातात चांदी, दुसऱ्या हातात अब्रू, असे ते घटकाभर उभे राहिले. मग बसले. अब्रूला वजन नसते.

"वाच," ते म्हणाले.

मी वाचले. दिवसभर वाचले. गावातली प्रतिभा इतकी ओसंडून वाहिली की मला लाज वाटली. निम्म्या कवनांना धड चालसुद्धा नव्हती. दोन वर्षांत ज्यांना एक सरळ वाक्य बोलायची हिंमत झाली नव्हती, ते शिलिंग टाकून माझ्या तोंडाने शूर होत होते. साहेब सुरईला मिठी मारून ऐकत होते. अर्सुलाबाईंचा मोजा मात्र लांबच लांब होत चालला होता. त्या टाच वळवायला विसरल्या असाव्यात.

दुपारी हे आले:

कुरणाला कुलूप, हंसांना उपास,
मेंढ्यांना मात्र पंगत झकास.

गर्दीत थॉमसिन डोळे मिटून उभी होती. बक्षीस लागू नये म्हणून देवाचा धावा करणारी ती त्या सोडतीतली एकटीच असेल. मी दुसरी चिठ्ठी उघडली. कोरी. तिने श्वास सोडला.

"कुरणाचं नाव घेतलंय!" साहेब खोड्यापाशी उभ्या असलेल्या शिपायाकडे वळून ओरडले. "ठराव आहे!"

"घेतलं, साहेब," शिपाई म्हणाला. "पण घेतलं ते ह्या दवंडीवाल्यानं. ह्याला घालू खोड्यात? मग पुढचं वाचणार कोण?"

साहेब पुन्हा बसले. पण आता त्यांना एक गोष्ट सुचली होती, आणि चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरले. "असू दे. पिंपात बक्षिसं आहेत अजून. लागू दे एखाद्या कवीला. यावंच लागेल ना टेबलापाशी? शिपाई, खोडा उघडून ठेव."

खोड्याची फळी करकरली. गर्दी दोन पावले मागे सरकली. शौर्य जरासे ओसरले.

आणि तेवढ्यातच मी वाचले:

उशीखाली किल्ली नि जिवाला घोर,
झोपेत ओरडतो, "चोर! चोर! चोर!"

दुसऱ्या चिठ्ठीवर लिहिले होते: चांदीचे चमचे, बारा.

कोणी हलेना. लोक एकमेकांकडे पाहू लागले. साहेब झोपेत काय ओरडतात हे गावात कोणाला ठाऊक असणार? साहेबांच्या हे लक्षात आले नाही. ते हात चोळत होते.

"या, या! या कविराज! चमचे घेऊन जा! लाजता काय? घंटेपर्यंत नाही आलात तर चमचे नगरभवनात, आलात तर तुम्ही खोड्यात. मी दोन्हीकडून खूश!"

अर्सुलाबाईंनी सुया मोज्यात खोचल्या, मोजा पिशवीत ठेवला आणि उठल्या.

"अहो, ओरडू नका. माझं आहे ते."

"काय तुझं?"

"कवन. चमचे द्या, कॅटलिनसाहेब. नंबर हा घ्या."

कॅटलिननी नंबर ताडून पाहिला आणि अत्यंत आदराने चमचे मोजून दिले. चमचे वाजलेले चर्चपर्यंत ऐकू गेले.

शिपाई पुढे आला. तो जरा मंद होता, किंवा अजिबात नव्हता. मला हे कधी कळले नाही. "साहेब, बाईसाहेबांना घालायचं का खोड्यात? मला फक्त गुन्हा सांगा. नोंदवावं लागतं. हे किल्लीवालं कवन कोणाबद्दल आहे म्हणायचं?"

साहेब पेचात पडले. आपल्याबद्दल आहे म्हणावे तर बायकोला भर चौकात खोड्यात घालावे लागणार, आणि आपण झोपेत चोर चोर ओरडतो हे शिक्क्यासकट कबूल करावे लागणार. सोडतच रद्द म्हणावी तर सुरई जाणार. त्यांनी सुरईकडे पाहिले. खरे सांगतो, बायकोकडे पाहिले नाही.

"ते... ते माझ्याबद्दल नाही," साहेब म्हणाले. "कोणातरी भलत्याच माणसाबद्दल आहे."

"नक्की?" अर्सुलाबाईंनी विचारले.

"नक्की म्हणजे काय! माझा काय संबंध?"

"मग उशीखालची किल्लीही तुमची नाही?"

"कसली किल्ली? माझ्या उशीखाली कसलीही किल्ली नसते!" साहेब सगळ्या गावाला ऐकू जाईल असे ओरडले.

"बरं झालं," बाई म्हणाल्या. "मला वाटलं तुमचीच. दोन वर्षं मानेला टोचतेय मेली." त्यांनी पिशवीतून वीतभर लांब लोखंडी किल्ली काढली. "अगं थॉमसिन, ये इकडे. ही कोणाचीच नाही म्हणतात हे. म्हणजे सगळ्यांची. घे, आणि त्या फाटकाला लागते का बघ. मायकेलमस जवळ आला. दोन वर्षं ह्यांच्या मेंढ्यांचं मटण खाऊन माझे दात बोथट झालेत. यंदा मला हंस हवाय. जाड."

थॉमसिनने किल्ली घेतली आणि पळत सुटली. कोणी तिला अडवले नाही. शिपायाने शांतपणे खोडा बंद केला.

"पुढची," कॅटलिन म्हणाले. सोडत संपायची होती, आणि ते प्रामाणिक होते.

मी पुढची वाचली. तिच्यात साहेबांच्या पायांबद्दल काहीतरी होते. कोरी निघाली. पण ऐकायला फारसे कोणी उरले नव्हते; नदीकडून हंसांचा कलकलाट येत होता आणि लोक बघायला गेले होते. साहेब सुरई धरून बसून राहिले. शेवटच्या चिठ्ठीपर्यंत.

थॉमसिनने सणाला भाडे भरले. हंस फार जाड झाले नव्हते, पण शालीशिवाय भाजता आले. टॉलिव्हरसाहेब पुढच्या वर्षीही महापौर झाले, एकमताने. दुसरे उमेदवार होते, पण त्यांच्यावर इतक्या सहज यमक जुळत नव्हते, आणि सोडत परत यावी अशी गावाची फार इच्छा होती. तसा अर्जही धाडला. बंदराची भिंत बांधून झाली का, हे मात्र त्यात कोणी विचारले नाही.

सुरई साहेबांच्या घरी आहे. अर्सुलाबाई तिच्यात हंसाची चरबी साठवतात आणि चांदीच्या चमच्याने काढतात. छातीला चोळायला चांगली असते म्हणतात. साहेबांना रोज झोपताना चोळतात. तेव्हापासून ते झोपेत ओरडत नाहीत. नुसतेच घोरतात.