आबांचा स्वस्तातला टॅब

धारवाले आबा दुकानदाराशी असे भांडले, की शेजारी म्हणून सोबत गेलेल्या मला मान खाली घालावी लागली. चकचकीत टॅब त्यांनी बाजूला सारले. कोपऱ्याला तडा गेलेला, कुणीतरी वापरून टाकलेला एक उचलला आणि बैल घेताना दात बघावेत तसा उलटापालटा करून पाहिला.

"यात माणसाचं तोंड दिसतं ना? मग बास," ते म्हणाले.

तोंड लेकीचं बघायचं होतं. आबांची बायको, आमच्या काकू, वारल्यावर तिनं त्यांना शहरात चला म्हणून फार विनवलं होतं. आबांनी शेत सोडायला साफ नकार दिला, शब्दाला शब्द वाढला आणि ती रागानं निघून गेली. स्वतःहून फोन करायला आबांचा मानीपणा आड येत होता. मग टॅबचा नवा नंबर मीच तिला कळवला.

गावातल्या सगळ्या विळ्या-कोयत्यांना धार लावणारा हा माणूस. काम झालं की अवजार पुसायचं, फडक्यात गुंडाळायचं आणि पेटीत ठेवायचं, ही त्यांची जन्माची शिस्त. आबा रोज संध्याकाळी पेटीजवळ खाट ओढून बसायचे. मी चौकशी केली की म्हणायचे, लेक विसरली. हळूहळू जेवणावरची त्यांची वासनाच उडाली. भाकरी तशीच वाळून जायची.

शेवटी मी विचारलं, "आबा, टॅब आहे कुठं?"

"पेटीत. बटण दाबून झोपवलाय, उगाच झिजायला नको. तिनं हाक मारली की उठेल."

मी कपाळावर हात मारला. झोपवला कसला, त्यांनी तो पार बंदच करून ठेवला होता. फडकं सोडून टॅब चालू केला, तर तिचे न उचललेले फोन एकाखाली एक दिसायला लागले. आबा बघतच राहिले. मग म्हणाले, "लाव."

पहिल्याच घंटीला तिनं उचलला. "बाबा, मला वाटलं, तुम्हाला माझं तोंडच बघायचं नाही."

आबांनी जोरजोरात नकारार्थी मान हलवली. तिनं डोळे पुसले, पडद्याजवळ आली आणि त्यांना निरखून पाहिलं.

"किती म्हातारे झालात हो, बाबा."

आबांनी घाईघाईनं गालावरचं पाणी पुसलं.

"स्वस्तातला आहे गं," ते म्हणाले. "यात सगळेच म्हातारे दिसतात."